अधिक मतें म्हणजे बहुमत नव्हे

निवडणुकीचा हंगाम आला कीं नगरच्या कापडबाजारांत एक वाक्य हटकून कानीं पडतें: "आमच्या एका मतानें काय होणार?" बोलणारा मनुष्य अडाणी असतो असें नाहीं. रुपयाचा मेळ बसला नाहीं तर तो मध्यरात्रीपर्यंत खतावणी चाळील. परंतु मतांचा मेळ कसा घालतात हें त्यानें कधीं विचारलेलें नसतें. निवडणुका लढविणाऱ्यांस मात्र हा हिशेब तोंडपाठ असतो व त्यांपैकीं कित्येक मतदाराच्या अज्ञानावरच आपला व्यापार करतात. म्हणून तो वाचकांपुढें उघडून मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकींत विजयी होण्यास बहुमत लागत नाहीं. ज्याच्या पदरांत इतर प्रत्येक उमेदवारापेक्षां अधिक वैध मतें पडतील तो निवडून आला, एवढाच नियम आहे. शंभर मतांपैकीं एकास चाळीस, दुसऱ्यास पस्तीस व तिसऱ्यास पंचवीस पडलीं, तर चाळीसवाला सर्वांचा प्रतिनिधि होतो आणि त्याला नको म्हणणारे साठजण हात चोळीत बसतात. हा हिशेब केवळ पुस्तकी नव्हे. २०२४ सालीं नेवाशांत विठ्ठलराव लंघे यांनीं शंकरराव गडाख यांच्यावर सुमारें चार हजार मतांनीं मात केली. तेथें तिसऱ्या उमेदवारास पडलेलीं मतें या अंतराच्या कित्येक पट होतीं, व विजयी उमेदवाराचीं मतें निम्म्याहून कमी होतीं. २०१९ सालीं कोपरगांवीं आशुतोष काळे व स्नेहलता कोल्हे यांच्यांतील अंतर अवघें ८२२ मतांचें होतें. २०१७ सालीं मुंबई महापालिकेच्या एका प्रभागांत तर दोन उमेदवारांस समसमान मतें पडलीं व निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. त्या दिवशीं घरीं बसून राहिलेला एक मतदार जरी बाहेर पडता, तरी चिठ्ठीची गरज उरली नसती. एका मतानें काय होतें याचें उत्तर त्यालाच विचारावें!

हा नियम ध्यानांत आला म्हणजे निवडणुकींतील पुष्कळ चमत्कारांचा उलगडा होतो. स्वतः निवडून येण्याची तिळमात्र आशा नसलेला मनुष्य कधीं कधीं पाण्यासारखा पैसा कां ओततो? प्रतिस्पर्ध्याच्याच नांवाचा दुसरा गृहस्थ ऐन वेळीं अर्ज भरावयास कोठून उगवतो? वर सांगितलेल्या ठिकाणीं असें कांहीं घडलें असें आमचें म्हणणें नाहीं. उमेदवार म्हणून उभें राहण्याचा हक्क सर्वांसच आहे. परंतु आपलें मत कोणास तारणार व कोणास पाडणार, हें मत देण्यापूर्वीं पाहणें हें मतदाराचें काम आहे. केवळ जातीच्या किंवा भावकीच्या अभिमानानें टाकलेलें मत पुष्कळदां त्या जातीच्या व भावकीच्याच मुळावर येतें.

दुसरी गोष्ट आमच्या शहराची. डिसेंबर २०१८ मध्यें झालेल्या महापालिकेच्या निवडणुकींत ६८ जागांपैकीं शिवसेनेस २४, राष्ट्रवादी काँग्रेसला १८ व भारतीय जनता पक्षाला १४ मिळाल्या. महापौर निवडतात ते नगरसेवक. राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनीं भाजपच्या पारड्यांत वजन टाकलें आणि तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे बाबासाहेब वाकळे महापौर झाले. पुढें राष्ट्रवादी पक्षानें आपल्या नगरसेवकांवर कारवाई केली. पण महापौर व्हावयाचे ते होऊन गेले होते. कायद्यानें पाहतां जुळणी करण्यास बंदी नाहीं. परंतु एका पक्षास अडविण्यासाठीं ज्या नागरिकानें दुसऱ्यास मत दिलें, त्याचें मत फिरून कोणाच्या घरीं गेलें? नगरसेवक निवडतांना "निकालानंतर कोणाबरोबर बसणार?" हा प्रश्न चारचौघांत विचारून घेणें यावर एवढाच उपाय आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. १९९१ सालीं अहमदनगरच्या लोकसभा निवडणुकींत काँग्रेसचे यशवंतराव गडाख मतमोजणींत विजयी झाले व अपक्ष उमेदवार बाळासाहेब विखे पाटील पराभूत झाले. विखे पाटलांनीं न्यायालयांत दाद मागितली. प्रतिस्पर्ध्याच्या वर्तनाविषयीं खोटीं विधानें करून मतदारांचें मन कलुषित करणें हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाप्रमाणें भ्रष्टाचार आहे. याच कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयानें १९९३ सालीं ती निवडणूक रद्द ठरविली, व सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं तो निर्णय कायम केला. अधिक मतें पडूनही विजय टिकला नाहीं! बेरीज बरोबर असली तरी रक्कम कोणत्या मार्गानें जमा झाली हें कायदा पाहतो. आमच्या व्यापारी बंधूंस हें तत्त्व निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. त्याच कलमांत लांच देणें हेंही मोडतें. आणि फौजदारी कायद्यानें मतासाठीं पाकीट घेणाराही देणाऱ्याइतकाच गुन्हेगार आहे, ही गोष्ट गल्लीगल्लींत सांगितली पाहिजे.

कोणी म्हणतील, मग नियमच बदला. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत पसंतीचा क्रम लिहून मत देण्याची पद्धत आहेच. ती इतरत्रही आणावी काय, याचा विचार अवश्य व्हावा. परंतु नियम बदलेपर्यंत नागरिकांनीं स्वस्थ बसावें, हें कोणतें शहाणपण?

या शहराच्या किल्ल्यांत १९४२ पासून नेहरू, वल्लभभाई व मौलाना आझाद बंदिवान होते. त्या काळीं मताचा हक्क मालमत्ता, सारा आणि शिक्षण यांवर तोलून मूठभरांस मिळे. आज तो हमालास व पेढीवाल्यास सारखाच आहे. एवढ्या मोलानें मिळालेली वस्तु, हिशेब कळत नाहीं म्हणून खुंटीला टांगून ठेवणें, किंवा पाकिटाच्या भावानें विकणें, हें नगरच्या बाजारपेठेस शोभत नाहीं. पुढच्या मतदानाच्या दिवशीं दुकानाची फळी उघडण्यापूर्वीं मतदान केंद्रावर जावें, आणि मतमोजणी आटोपल्यावर वही मिटूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.