नाचायला जागा द्या

व्हायोलिनवर गोव्याचा मांडो सुरू झाला आणि त्यात घुमट हे तालवाद्य मिसळलं, की पुढच्या रांगेतल्या आज्यांचे खांदे आपसूक डोलू लागतात. ट्रम्पेटवाल्याने स्विंगची, म्हणजे अमेरिकी जॅझची, धून उचलली, की मागच्या रांगेतली पोरं टाचांनी ठेका धरतात. आपल्या प्रेक्षागृहांत याच्या पुढे कुणाला जाता येत नाही. खुर्च्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या, दोन रांगांमधून माणूस जेमतेम आडवा होऊन सरकेल एवढीच वाट.

लोकसंगीत आणि स्विंग एका मंचावर येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही दोन्ही संगीतं नाचाची आहेत. लोकांना खुर्चीत बसवून ती ऐकवणं म्हणजे अर्धाच कार्यक्रम करणं, असं माझं ठाम मत आहे.

मांडो घडला एकोणिसाव्या शतकात, गोव्याच्या सासष्टीतल्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत. सहा मात्रांची संथ चाल, शब्दांत विरह. पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर दोन ओळींत, स्त्रियांच्या हातात पंखा. मांडो संपला की त्याला लागून चपळ दुलपदं येतात आणि ओळी मोडून सगळे खेळकर होतात. गायक जिथे लय ओढतो, तिथे नाचणाऱ्याचं पाऊल रेंगाळतं. ते पाऊल दिसलं नाही, तर ती ओढ कशासाठी हेच कळत नाही.

घुमट जवळून पाहावं. मातीचं मडकं, दोन्हीकडे तोंडं. मोठ्या तोंडावर चामडं, त्यावर उजव्या हाताची थाप. डावा तळवा लहान तोंड कधी झाकतो, कधी मोकळं सोडतो आणि नाद त्याप्रमाणे दबतो किंवा फुलतो. पूर्वी त्यावर घोरपडीचं चामडं असे. वन्यजीव कायद्यानंतर बकरीचं आलं. हेच घुमट गणेश चतुर्थीला हिंदू घरांत शामेळ हा ढोल आणि कांसाळे ही झांज यांच्या साथीने आरतीला घुमतं. गोव्याची हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही अंगणं त्याने जोडली आहेत.

स्विंगचंही तेच. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1926 साली उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये चिक वेबचा वाद्यवृंद वाजवायचा आणि शेकडो जोडपी लिंडी हॉप नाचायची. वादकांची लय नाचणाऱ्यांच्या पायांवर पारखली जायची. तिथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत, त्या काळच्या अमेरिकेत ही फार मोठी गोष्ट होती. तीसच्या दशकात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय कलावंत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आले. ते संगीत गोव्याच्या वादकांनी पटकन आत्मसात केलं, कारण चर्चच्या शाळांत सोल्फा ही पाश्चात्त्य स्वरपद्धती आणि व्हायोलिन शिकून त्यांची तयारी झालेलीच होती.

त्यांतले हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटासाठी त्यांनी पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांना साथ दिली. ते आणि त्यांचे वादक त्यात पडद्यावरही दिसतात. त्या संगीतावर नाचले ते गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा. हार्लेमची लय मराठी माणसाच्या अंगात उतरली ती भगवानदादांच्या पावलांतून, आणि ती पावलं आजही लग्नाच्या वरातीत ओळखू येतात.

अशा पावलांना मोकळी फरशी हवी, म्हणून माझा डोळा पणजीच्या कला अकादमीवर आहे. चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू 1983 मध्ये पूर्ण झाली. रस्त्यावरून आत आलेला माणूस सावलीतून चालत थेट मांडवी नदीच्या काठाशी पोहोचतो, अशी तिची रचना. नूतनीकरणासाठी ती 2021 मध्ये बंद झाली, 2023 च्या जुलैत खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात दारं पुन्हा उघडली. ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल कलाकारांनी आवाज उठवला, तो रास्तच आहे. त्यात मी एक मागणी जोडतो.

प्रेक्षागृहाबाहेरच्या त्या मोकळ्या, छताखालच्या जागेत महिन्यातून एक संध्याकाळ मांडो आणि स्विंगला द्या. खुर्च्या फक्त कडेने, थकलेल्यांसाठी. पहिला अर्धा तास गावातल्या जाणत्या मंडळींनी पावलं शिकवावीत, आणि वादकांप्रमाणे त्यांनाही मानधन मिळावं. फलकावर गायकाइतक्याच मोठ्या अक्षरांत घुमटवाल्याचं आणि ट्रम्पेटवाल्याचं नाव असावं. मुंबई-पुण्याच्या सांस्कृतिक भवनांनाही हे जमण्यासारखं आहे. वाहनतळ आखताना जेवढा विचार होतो, तेवढा फरशीचा झाला तरी पुरे.

चाली ध्वनिमुद्रणांत आणि स्वरलिपीत टिकतील. पावलं मात्र माणसाने माणसाला, सोबत उभं राहूनच शिकवावी लागतात. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वास्तूंनी त्यासाठी जागा मोकळी करून दिलीच पाहिजे.