तीन करडे चेंडू

पौष संपता संपता आमच्या घरी अमेरिकेहून एक पार्सल आले. आले म्हणजे काय, ताईच्या ओळखीचे एक गृहस्थ न्यू जर्सीहून नागपूरला येणार होते, त्यांच्या बॅगेतून ते नागपूरपर्यंत आले आणि तिथून विदर्भ एक्सप्रेसने गोंदियाला. पार्सलात चॉकलेटे होती, चिरंजीवांसाठी शर्ट होता आणि एका कापडी पिशवीत तीन करडे, लोकरीचे चेंडू होते. प्रत्येक चेंडू संत्र्याएवढा.

चेंडू पाहून घरात लगेच तर्क सुरू झाले. चिरंजीव म्हणाले, "क्रिकेटचे आहेत!" सौभाग्यवतींना वाटले, गरम कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांची ही काही सुधारलेली जात असावी. मी मराठीचा प्राध्यापक; मला तो टाचण्या खुपसायचा प्रकार वाटला. पिशवीच्या तळाशी ताईच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली: "हे ड्रायरमध्ये घालायचे. बाकी आई आल्यावर सांगेल."

आई तेव्हा ताईकडेच होती. दसरा झाल्यावर सहा महिन्यांसाठी गेली होती.

आता ड्रायर आमच्याकडे होताच. आमच्या यंत्राला दोन टब आहेत. एकात कपडे धुतले जातात, दुसऱ्यात ते गरगर फिरून पाणी टाकतात. या दुसऱ्या टबाला दुकानदारापासून कामवाल्या बाईंपर्यंत सगळे ड्रायरच म्हणतात. तेव्हा रविवारी आमच्या हिने पिळायच्या कपड्यांत ते तीन चेंडू टाकले आणि चावी फिरवली. पुढे जे झाले त्याचे वर्णन करायला वीररसाच्या कवीचीच लेखणी हवी. यंत्र थडथडू लागले, जागा सोडून मोरीपर्यंत चालत गेले आणि शेवटी स्वतःच दमून थांबले. चेंडू बाहेर काढले तेव्हा ते पाणी पिऊन टम्म झाले होते.

"अहो," ही चेंडू पिळत म्हणाली, "हे वाळवणारे नव्हेत, पिणारे आहेत!"

ते वाळायला तीन दिवस लागले. मग खिडकीत पडून राहिले. शिवरात्रीच्या सुमारास चिरंजीवांनी त्यातल्या एकावर षटकार मारला आणि तो शेजारच्या कौलांवर गेला. "जाऊ दे," मी म्हणालो, "लोकरीचा गोळा तो!" हे वाक्य मला पुढे फार महाग पडले.

घोटाळा सारा शब्दाचा होता. मराठीत ओल्या कपड्याच्या प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र शब्द आहे. कपडा आपण आधी पिळतो, मग तो निथळतो, मग आंबटओला होतो आणि शेवटी वाळतो. आमचे यंत्र फक्त पिळते. ताईकडचे खरोखर वाळवते. त्यात गरम हवा सोडलेली असते आणि कपडे एका मोठ्या पिंपात उलटसुलट कोसळत राहतात. एका खेपेला विजेची अडीच ते चार युनिटे सहज लागतात. आमच्या गच्चीवर जे काम सूर्यनारायण फुकट करतो, त्याचे तिकडे बिल येते.

"मग तिकडची माणसे दोरी का बांधत नाहीत?" असे तुम्ही विचाराल. बांधतात, पण पुष्कळ वसाहतींत घराच्या मालकालाही अंगणात कपडे वाळत घालायला मनाई असते. वसाहतीची शोभा जाते म्हणे! या मनाईविरुद्ध फ्लॉरिडा, मेन, व्हरमाँट अशा काही राज्यांना चक्क कायदे करावे लागले. सदरा उन्हात टाकण्याचा हक्क विधिमंडळातून मिळवावा लागतो, हे वाचून मी आमच्या गच्चीवरच्या तारेकडे नव्या आदराने पाहिले.

चैत्रात आई परत आली. आल्या दिवशी तिची नजर खिडकीकडे गेली.

"दोनच? तिसरा कुठे आहे रे?"

मी हसत हसत षटकाराची हकीकत सांगितली. आई हसली नाही. एक चेंडू उचलून तिने पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला. रात्री जेवणे झाल्यावर गच्चीवर ती बोलती झाली. तोवर मला यातले काही ठाऊक नव्हते. थोडे ठाऊक असायला हवे होते, पण ते पुढे येईलच.

तिकडे ड्रायरमध्ये प्रत्येक खेपेला एक सुगंधी कागद टाकायची चाल आहे. कागद म्हणायचा, पण असते ते पातळसे न विणलेले कापड. कपडे मऊ करणाऱ्या मेणचट द्रव्याचा लेप त्याला दिलेला असतो. उष्णतेने लेप वितळतो आणि कपड्यांवर बसतो. त्याने कपडा हाताला मऊ लागतो, घमघमतो, आणि नायलॉन-पॉलिएस्टर एकमेकांवर घासून जी वीज साठते तीही कमी होते. काम झाले की कागद केरात. ही कल्पना कॉनरॅड गायझर नावाच्या अमेरिकन गृहस्थाची. १९६९ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. त्याआधी हे द्रव्य धुण्याच्या शेवटच्या पाण्यात घालावे लागे, आणि ती वेळ साधायला गायझरची बायको तळघरातल्या यंत्राकडे धावत असे. तिची धावपळ वाचावी म्हणून त्याने हा उपाय शोधला, असे सांगतात.

बहुतेकांना तो कागद सोसतो. आईला सोसला नाही. महिन्याभरात तिच्या मानेवर आणि दंडांवर लाल चकंदळे उठली, रात्री खाज सुटू लागली. पण लेकीच्या घरी तक्रार करायची कशी? लेक तर कौतुकाने सांगत होती, "आई, बघ, तुझी साडी किती मऊ झाली!" आईने एकदाच आडवळणाने म्हणून पाहिले, "तुझे टॉवेल पाणी पीत नाहीत गं." तेही खरेच होते. तो मेणचट थर चढत गेला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो. ताईने नवे टॉवेल आणले.

डिसेंबरात आईने मला फोन केला. "मला लवकर घेऊन जा," एवढेच म्हणाली. मी तिला समजावले, म्हणजे मला तसे वाटले. "आई, आपण ज्यांच्या घरी आहोत त्यांच्या रीतीने राहावे. ताईला वाईट वाटेल." ती म्हणाली, "बरं." वीस वर्षे मी मुलांना शब्दाचा वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ शिकवतो आहे, त्या "बरं"चा अर्थ मला कळला नाही.

ताईला तो दुसऱ्या मार्गाने कळला. एके रात्री ती उठली, तर न्हाणीघराच्या दारामागे आईची साडी वाळत घातलेली. हाताने धुतलेली, घट्ट पिळलेली, कोणाला दिसू नये अशी. आई रोज रात्री साडी चोरून धुवत होती आणि पहाटे सगळे उठायच्या आत अर्धवट ओलीच नेसत होती, न्यू जर्सीच्या थंडीत! ताईने दिवा लावला तेव्हा तिला आईची मानही दिसली.

"काहून सांगितलं नाहीस मला?" ताई रडत म्हणाली. गोंदिया सोडून तिला पंचवीस वर्षे झाली. पण रडताना माणूस आपल्या गावचेच बोलतो.

डॉक्टरांनी सांगितले, सुगंधी वस्तू आधी बंद करून पाहा. कागद बंद झाला, वासाचा साबण बंद झाला, आणि काही आठवड्यांत चकंदळे गेली. आता कपडे मात्र एकमेकांना बिलगून गोळा होऊन निघू लागले. मग कोणीतरी ताईला लोकरीच्या चेंडूंची युक्ती सांगितली. कपड्यांत चार-सहा चेंडू टाकले की ते मध्येमध्ये आपटत राहतात, घड्या सुटतात, गरम हवा आत शिरते. पुन्हा पुन्हा वापरता येतात. विकणारे हजार खेपा सांगतात. त्या मोजलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

हे चेंडू घरी करता येतात. तुम्हा-आम्हा सर्वांचा अनुभव आहे की लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात पडला तर आखडून मुलाच्या मापाचा होतो. उष्णता, ओल आणि घासणे यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून घट्ट बसतात. बुरणूस याच रीतीने होतो. त्या खोडीचाच इथे गुण करायचा. लोकर गुंडाळून चेंडू करायचा, नायलॉनच्या पायमोज्यात आवळून बांधायचा आणि गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन वाळवायचा. ताईने दुकानातून लोकर आणली, चेंडू केले, धुतले, आणि त्यांचा पार गुंता होऊन बसला. आईने एक धागा मेणबत्तीवर धरला. तो वितळला आणि त्याचा टणक मणी झाला.

"ही लोकरच नाही," आई म्हणाली. "खरी लोकर जळाली की केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरा होतो." ही परीक्षा तिला हिवाळ्यात स्वेटर विकणाऱ्या एका तिबेटी बाईने शिकवली होती. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, आणि थंडीत गावोगाव स्वेटर विकणे हा त्यांच्यातल्या अनेकांचा धंदा.

मग आईने ताईचे कपाट उघडायला लावले. बाबा गेल्यावर ताईने आठवण म्हणून एकच वस्तू मागून नेली होती, त्यांचा करडा स्वेटर. आईने लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात विणलेला, शुद्ध लोकरीचा. त्याला कसर लागली होती. ताई नको नको म्हणत असता आईने स्वतः तो उसवला. "भोकं पडलेला स्वेटर कपाटात ठेवून तुझे बाबा राहणार आहेत का?" ती म्हणाली. "रोज हाताखाली राहू देत." सहा चेंडू ताईकडे राहिले, उरलेल्या लोकरीचे तीन माझ्यासाठी केले.

गच्चीवर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांकडून शिडी मागितली. सेहेचाळीस वर्षांचा प्राध्यापक कौलांवर चढलेला आणि खालून चिरंजीव ओरडताहेत, "बाबा, डावीकडे! पन्हळीत!" हे दृश्य आमच्या गल्लीने मनसोक्त पाहिले. त्यात माझे दोन विद्यार्थीही होते. चेंडू सापडला, काळा मिचकूट झालेला. आईने तो कढत पाण्यात साबण लावून धुतला. लोकरच ती; धुतल्याने आणखी घट्ट झाली.

ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत त्यांनी दोन गोष्टी त्यांना जरूर कळवाव्या. लोकर जाळून पाहिल्यावाचून चेंडू करू नये, ही पहिली. दुसरी अशी की चेंडूंनी कपडे सुटे होतात, पण त्यांची वीज जात नाही, विकणारे काहीही म्हणोत. तिला आईचाच उपाय: नायलॉन, पॉलिएस्टर वेगळे वाळवा आणि कपडे कडकडीत होईपर्यंत ठेवू नका. "आंबटओले असतानाच काढ," असे आईने ताईला सांगितले. खळ घातलेली साडी इस्त्रीसाठी तारेवरून कधी काढायची, हे जिला कळते तिला अमेरिकेतले यंत्र कधी थांबवायचे तेही कळते.

आमच्या जिल्ह्यात पावसाळा चांगलाच पडतो. यंदाही घरभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि सगळीकडे तो कुबट वास. आमची ही म्हणाली, "आता खरा ड्रायर घेऊ या." मी किमती पाहिल्या, युनिटांचा हिशेब केला. आणि मग जे डिसेंबरात करायला हवे होते ते केले. आईला विचारले, "तुला कसे वाळलेले कपडे हवेत?"

तिला नवल वाटले असावे. थोडा विचार करून म्हणाली, "पंख्याखाली टाक, आंबटओले झाले की इस्त्री फिरव. तुमच्या लहानपणी शेगडीवर टोपली उपडी घालून लंगोट वाळवायचे मी. तेवढं तरी आता करावं लागत नाही."

ड्रायर घेतला नाही. आता दिवाळीची धुणी निघाली आहेत, आभाळ स्वच्छ आहे, आणि गच्चीवरच्या तारेवर चादरी सकाळी टाकल्या की दुपारी काढाव्या लागतात. तीन चेंडू आईच्या कपाटात ओळीने ठेवलेले आहेत. कौलांवरून काढलेला थोडा लहान दिसतो. आईने तो पुढे ठेवला आहे.