फूटपट्टी कोणाच्या हाती?

मैत्रिणींनो, स्पष्टच लिहिते. ‘आकडेमोड हे आपलं काम नाही, आपण बाईच्या अनुभवाशी बांधील आहोत’ हे वाक्य आपल्या बैठकांमधून आता हद्दपार व्हायला हवं. ते ऐकायला क्रांतिकारी वाटतं. पण त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की मोजमापाची फूटपट्टी आपण आपण होऊन दुसऱ्याच्या हातात देतो आणि मग त्याने काढलेल्या निष्कर्षावर मोर्चे काढत बसतो.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई. अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचा पेपर होता. सूत्रं पाठ करायची, प्रमाण विचलन काढायचं, पास व्हायचं. हे कशासाठी शिकायचं, ते वर्गात कोणी सांगितलं नाही. बाईचं मन, तिची बुद्धी, तिचा खरेपणा यांच्याविषयी जे जे ‘शास्त्र’ म्हणून सांगितलं जातं, त्याची तपासणी याच पेपरातल्या साधनांनी करता येते, हे सांगितलं असतं तर वर्गातल्या निम्म्या मुलींनी तो पेपर तोंडपाठ नव्हे, आत्मसात केला असता.

एक जुनं उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले नामवंत मानसशास्त्रज्ञ म्हणत, की बुद्धीची टोकं पुरुषांमध्ये सापडतात: अलौकिकही तेच आणि मतिमंदही तेच. बायका सगळ्या मधल्या. तेव्हा त्यांच्या उच्च शिक्षणावर फार खर्च कशाला? पुरावा म्हणून मतिमंदांच्या संस्थांकडे बोट दाखवलं जाई. तिथे पुरुष जास्त होते. लेटा हॉलिंगवर्थ तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बुद्धिचाचण्या घेण्याची नोकरी करत होत्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला: संस्थेत पोचतं कोण? मुलगा कमावू शकला नाही की तो लगेच नजरेत येतो. मुलगी धुणीभांडी आणि पोरं सांभाळण्यात खपून जाते, तिला घरातच ठेवून घेतात. म्हणजे संस्थेतली डोकी मोजून कळतं ते एवढंच, की घराला कोण फुकट उपयोगी पडतं. मग १९१४ मध्ये हेलन माँटॅग्यू यांच्यासह त्यांनी १,००० नवजात मुलगे आणि १,००० नवजात मुली यांच्या मापांची तुलना केली. मुलग्यांमध्ये जास्त विविधता काही सापडली नाही. त्याच वर्षीच्या पीएच.डी.च्या प्रबंधात त्यांनी २३ बायका आणि २ पुरुष यांच्या पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊन दाखवलं, की पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी किंवा हाताचं कसब ठरावीकपणे घसरतं याला आधार नाही. त्यांचे मार्गदर्शक थॉर्नडाइक स्वतः त्या जुन्या मताचे होते. हॉलिंगवर्थ यांनी त्यांच्याच शास्त्राच्या नियमांनी त्यांच्या मताला आव्हान दिलं. नमुना कसा निवडला, हा एक प्रश्न विचारता आला म्हणून हे घडलं.

दुसरा प्रश्न: विचारलं काय आणि कसं? ‘तुमच्यावर अत्याचार झाला का?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते. ‘नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, ढकललं का?’ असं एकेक विचारलं की ती थांबते आणि बोलू लागते. मेरी कॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३२ शिक्षणसंस्थांमधल्या ६,१५९ विद्यार्थी-विद्यार्थिनींना ‘बलात्कार’ हा शब्द टाळून घडलेल्या कृतीबद्दल विचारलं. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २७.५ टक्के मुलींनी वयाच्या चौदाव्या वर्षानंतर कायद्याच्या व्याख्येत बसेल असा बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न झाल्याचं सांगितलं. त्यातल्या कितीतरी जणींनी त्या अनुभवाला ते नाव दिलंच नव्हतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही कृतीनिहाय प्रश्न असतात, घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच ते विचारतात. २०१९-२१ च्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. म्हणूनच पोलीस ठाण्यातल्या नोंदी मोजून ‘आमच्या जिल्ह्यात हिंसा कमी’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला सांगता आलं पाहिजे: साहेब, तुम्ही हिंसा मोजली नाहीत, तक्रार करण्याची हिंमत मोजलीत.

तिसरा प्रश्न: टक्के कशाचे? २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ४९८अ बद्दलची २०१२ ची आकडेवारी दिली: आरोपपत्राचं प्रमाण ९३.६ टक्के, शिक्षेचं १५ टक्के. मग चावडीपासून टीव्हीपर्यंत गणित मांडलं गेलं: ‘म्हणजे ८५ टक्के बायका खोट्या!’ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आलं, पण गणित तेच चालू आहे. शिक्षेचं प्रमाण काढतात ते निकाली निघालेल्या खटल्यांवर. त्याच निकालपत्रात ३,७२,७०६ खटले प्रलंबित असल्याची नोंद आहे, ते या हिशेबात नाहीत. सुटका झाली यात साक्षीदार फितूर झाले, माहेरने तडजोड केली, पुरावा अपुरा पडला, असं सगळंच येतं. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं ठरलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलिसांच्या नोंदीत तपासाअंती खोट्या ठरलेल्या तक्रारींचा रकाना वेगळाच असतो. छेद आणि अंश ओळखता येणारी एक कार्यकर्ती हा युक्तिवाद दोन मिनिटांत खाली ठेवू शकते. न येणारी फक्त संतापू शकते.

फूटपट्टी हाती घ्यायची तर ती आपल्यावरही चालेल, हे मात्र कबूल करावं लागेल. कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या मुळात फक्त मुलग्यांच्या अभ्यासावरून बांधल्या, हा कॅरल गिलिगन यांचा आक्षेप बिनतोड होता. पण १९८२ च्या पुस्तकात त्यांनी बायकांचा नैतिक सूर वेगळा असल्याची मांडणी केली. ती आपल्याला इतकी आवडली, की पुढे काय झालं ते आपण पाहिलंच नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हा फरक फारच किरकोळ निघाला. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरची ४६ संकलित विश्लेषणं तपासली, तेव्हा ७८ टक्के फरक लहान किंवा जवळपास शून्य होते. ‘बाई मुळातच प्रेमळ, मुळातच अहिंसक’ असं व्यासपीठावरून म्हणण्याआधी हे आठवावं. आपल्या बाजूचं म्हणून पुरावा न पाहता स्वीकारलेलं वाक्य उद्या आपल्याच गळ्यात दोरखंड होऊन पडतं. मुळातच प्रेमळ असलेल्या बाईला चूल आणि पाळणा देणं सोपं जातं.

आता आपल्या समुपदेशन केंद्रांकडे या. अनुदान देणाऱ्याला अहवाल जातो: ‘इतक्या केसेस मिटल्या.’ मिटल्या म्हणजे काय? बाई नांदायला गेली. ती सुखाने गेली की दुसरा रस्ता नव्हता म्हणून गेली, मारहाण थांबली की नाही, हे कोणत्या रकान्यात आहे? जी दुसऱ्यांदा आलीच नाही, ती कुठे धरली? बाई केंद्रात येते ती सगळं असह्य झाल्यावर. त्यानंतर काही आठवडे मारहाण कमी झाली, तर ती आपल्यामुळे की वाईट काळानंतर थोडा बरा काळ येतोच म्हणून, हे तुलनेशिवाय सांगता येत नाही. आणि नैराश्य मोजण्याची इंग्रजीतून उचललेली प्रश्नावली ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ असं विचारते, तेव्हा ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड होतं’, ‘कशात जीव लागत नाही’ म्हणणारी बाई त्या कागदावर ठणठणीत ठरते. साधन जे मोजायला हवं तेच मोजतं का, हा प्रश्न विद्यापीठाइतकाच आपल्या टेबलाचा आहे.

‘बाईचं दुःख आकड्यात मावत नाही’ असं मला सांगितलं जातं. खरं आहे, मावत नाही. पण एकीचं दुःख ऐकून लोक म्हणतात, ‘तिचंच नशीब.’ राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये दाखवलं, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि आधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्यानंतर ते एकीचं नशीब राहिलं नाही, व्यवस्थेचा गुन्हा ठरला. अनुभव आणि आकडा यांना सवती करून ठेवण्यात आपला काहीच फायदा नाही.

सरासरी मात्र डोळे उघडे ठेवून वाचावी. तिच्यात दलित, आदिवासी, मुसलमान, एकट्या बाईचं जिणं बुडून जातं. म्हणून आकडे फोडून मागायला शिकलं पाहिजे.

तेव्हा माझी मागणी आहे: प्रत्येक शिबिरात गाणी आणि कायद्याच्या सत्राइतकाच वेळ या विषयाला द्या. दहावी नापास कार्यकर्तीलाही पाच प्रश्न पुरतात. कोणाला विचारलं? काय शब्दांत विचारलं? टक्के कशाचे? तुलना कोणाशी? कोण मोजायचं राहिलं? आणि येत्या तिमाहीपासून केंद्राच्या नोंदवहीत ‘केस मिटली’ हा रकाना खोडून तीन रकाने आखा: हिंसा थांबली का, हे बाईच्या तोंडून, तिला काय हवं होतं आणि ते मिळालं का, आणि जी परत आली नाही तिचा शोध घेतला का. अनुदान देणारे कुरकुर करतील. करू देत. बाईचं काय झालं हे त्यांच्या रकान्यात नव्हतंच, ते आपल्या वहीत तरी असू दे.