चवदार तळे आणि चार पर्याय

राज्यसेवेच्या परीक्षार्थीस महाडच्या सत्याग्रहाची तारीख विचारावी. २० मार्च १९२७ हे उत्तर तत्काळ मिळते. परंतु सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले होते. मग सत्याग्रहाची पाळी का आली? ठराव दप्तरात राहिला, तळे सवर्णांच्या ताब्यात. उच्च न्यायालयाचा निकाल यावयास १९३७ साल उजाडले. उद्याच्या तहसीलदाराने शिकावा असा इतिहास हाच, आणि नेमका तोच चार पर्यायांत मावत नाही.

चालू घडामोडींच्या नावाखाली योजना घोकल्या जातात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मोर्चांचा रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्याशी असलेला संबंध मात्र सुटतो.

मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय पुण्यातील आंदोलनानंतर २०२३ मध्ये लांबणीवर पडून २०२५ पासून लागू झाला. परीक्षार्थींचा संताप रास्तच होता. वर्षे त्यांची, शुल्क बापाचे. पण निबंधही पाठ करवून घेता येतातच. तालुक्याच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यकर्त्याने असा एकेक ठराव घेऊन बसावे.