रेषेची तपश्चर्या आणि मोठा पडदा

‘कार्टून’ म्हणजे पोरासोरांना गप्प बसवण्याचे साधन, ही आपल्या सुशिक्षित घरांतील पक्की समजूत आहे. त्यामुळे जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहण्यासाठी घरातील तरुण मुले तिकीट काढून चित्रपटगृहात जातात, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतात. परंतु ही तरुणाई आता मूठभर राहिलेली नाही. मकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून हजारो चाहत्यांनी सह्यांचे निवेदन काढले आणि २०१९च्या ऑक्टोबरात तो येथील पडद्यावर आला. २०२५च्या सप्टेंबरात ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’साठी काही शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. साखरझोप मोडून ही मुले नेमके काय पाहायला जातात, याचा विचार त्यांना हसण्यापूर्वी आपण करायला हवा.

ती पाहायला जातात ती मानवी हाताची तपश्चर्या. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. संगणक येण्यापूर्वी त्यांतील पात्रांची प्रत्येक हालचाल पारदर्शक तावांवर हाताने रंगवावी लागे. कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’ (१९८८) या चित्रपटासाठी असे १,६०,०००हून अधिक ताव रंगवले गेले. हायाओ मियाझाकी यांच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ची (१९९७) संख्या सुमारे १,४४,००० असून त्यांतील जवळपास ८०,००० चित्रे स्वतः दिग्दर्शकाने तपासली किंवा सुधारली, असे सांगितले जाते. पडद्यावर क्षणभर चमकून जाणाऱ्या पानासाठी कुणीतरी दिवसचे दिवस मान मोडून बसलेले असते. हे काम तळहाताएवढ्या काचेवर पाहणे म्हणजे कैलास लेणे टपाल तिकिटावर पाहून वेरूळ पाहिल्याचे समाधान मानणे होय!

मोठ्या पडद्याची गरज केवळ भव्यतेसाठी नाही. ‘माय नेबर टोटोरो’मधील (१९८८) प्रचंड कापूरवृक्ष आठवावा. काझुओ ओगा यांच्या कलादिग्दर्शनाखाली रंगलेल्या त्या चित्रपटात झाडाच्या बुंध्याला पवित्र दोर बांधलेला आहे आणि त्याच्यापुढे बाप आपल्या मुलींसह नतमस्तक होतो. देवराईत पाऊल टाकताना वहाणा बाहेर काढणाऱ्या आपल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्या झाडापुढे आपण लहान आहोत, ही जाणीव व्हायची असेल तर झाड आपल्याहून मोठे दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट शांततेची. मियाझाकींनी अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांना टाळ्या वाजवून दाखवत सांगितले होते की, दोन टाळ्यांमधील रिकाम्या जागेला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात आणि ती जागा ते हेतुपूर्वक राखतात. ‘स्पिरिटेड अवे’मध्ये (२००१) चिमुरडी चिहिरो पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत नुसती बसून राहते. घडत काहीच नाही. घरी आपले बोट नकळत चित्र पुढे सरकवायला जाते. चित्रपटगृहात ती सोय नसते आणि म्हणूनच दोनशे अनोळखी माणसे एकाच वेळी शांत होतात. आजच्या मुलांना अशी शांतता अन्यत्र कोठे मिळते?

याच चित्रपटाला २००२ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल विभागून मिळाले आणि २००३ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यात देवदेवतांचे स्नानगृह आहे. तेथे आलेल्या चिखलाने बरबटलेल्या नदीदेवतेच्या अंगातून सायकल आणि ढीगभर कचरा ओढून काढला जातो. मियाझाकी स्वतः नदीच्या साफसफाईत सहभागी झाले होते, त्या अनुभवातून हा प्रसंग उतरला. स्वतःच्या मातीतील श्रद्धा त्यांनी परक्यांसाठी पातळ केली नाही. जग त्यांच्याकडे आले.

आपल्याकडे कुंचल्याची वा कल्पनेची वाण होती काय? दादासाहेब फाळके यांनी काड्यापेटीतील काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती १९१५च्या सुमारास. उणीव होती ती पाठीशी उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाची. जपानी दिग्दर्शक युगो साको १९८३च्या सुमारास उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने रामकथेशी जोडले गेले. वृत्तपत्रातील बातमीवरून गैरसमज होऊन विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे हरकत नोंदवली होती, तो गैरसमज पुढे दूर झाला. प्रभू रामचंद्रांचे देवत्व नटापेक्षा रेषेतून अधिक शोभेल, या धारणेने साको यांनी राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासह ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स रामा’ घडवला. वनराज भाटिया यांचे संगीत आणि संस्कृत गीते त्याला लाभली. १९९३च्या आपल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला. पण पुढची कित्येक वर्षे आपल्या मुलांनी तो पाहिला तो दूरचित्रवाणीच्या चौकोनात. भारतभरच्या चित्रपटगृहांत तो नव्या झळाळीसह लागला, तो थेट २४ जानेवारी २०२५ रोजी. साको २०१२ मध्ये आणि राम मोहन २०१९ मध्ये निवर्तले. ज्यांनी ही चित्रे घडवली, त्यांना तो दिवस पाहता आला नाही.

ही खंत नुसती उगाळण्याने काही साधणार नाही. चित्रपटगृहाचा मालक खुर्च्या मोजतो. पहिल्या आठवड्यात त्या रिकाम्या राहिल्या, तर दुसऱ्या आठवड्यात तो चित्रपट उतरवतो. म्हणून असा चित्रपट गावात लागला की पालकांनी मुलांसोबत जावे. अर्थात, रेखाटलेले सारेच बालांसाठी नसते, हे विसरू नये. कोबेवरील बॉम्बवर्षावात होरपळलेल्या भावंडांची कथा सांगणारा इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) किंवा ‘डेमन स्लेयर’मधील रक्तपात कोवळ्या मनाला पेलणारा नाही. प्रमाणपत्र पाहावे, आधी चौकशी करावी, मग जावे.

आणि परतताना मुलाला कथा विचारू नये. कोणते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही, ते विचारावे. त्या उत्तरातून उद्याचा एखादा चित्रकार बोलत असेल. त्याच्या हाती मोबाईलऐवजी कागद-पेन्सिल देणे हे मात्र आपलेच काम आहे.