उशीर आमचा नाही, उशीर सरकारचा



ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ४८ तासांत ३१ माणसं गेली. त्यात १६ लेकरं होती. देशभर बोंब झाली. एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्याला संडास घासायला लावला, त्याची चित्रफीत घरोघर फिरली. संडास घासल्याने एक खाट वाढली नाही की एक नर्स वाढली नाही. आणि कारभाऱ्यांनी कारण काय दिलं? पेशंट लांबून आले, फार उशिरा आले म्हणं.

उशीर झाला असेल. पण तो केला कोणी?

शिकलेली मंडळी सांगतात, आदिवासी अडाणी, भगताच्या नादी लागतो, म्हणून मरतो. आम्ही विचारतो, भर पावसात अडलेल्या बाईला बाजेवर घालून नाला ओलांडतात ती माणसं अडाणी कशी? भगत गुड्यातच राहतो, अर्ध्या रात्री हाक मारली तरी येतो. उपकेंद्राला कुलूप असलं तर माणूस जाईल कुठं? भगताची सवय मोडायची असेल तर आम्हाला शिव्या देऊ नका, दवाखाना भगताइतका जवळ आणा.

सरकारचा हिशोब बघा. सपाट मुलखात ५,००० माणसांमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र तिकडे ३०,००० मागे, आपल्याकडे २०,००० मागे. कागदावर सवलत दिसते. पण यात डोकी मोजली, पायवाट मोजलीच नाही. आपली ३,००० माणसं एका गावात नसतात. पोड, गुडा, तांडा अशी डोंगरभर पसरलेली असतात. आम्ही नायगावला बसून लिहितो. इथं डांबरी रस्ता आहे, नांदेडची गाडी मिळते. किनवटहून नांदेड दीडशे किलोमीटरच्या घरात, आणि गुड्यातल्या माणसाला आधी किनवट गाठायचं. गाडीभाडं वेगळं, बुडालेली मजुरी वेगळी. जमिनीचा पट्टा नाही म्हणून कर्जही सावकाराचंच. हा उशीर आमच्या डोक्यात नाही, तो रस्त्यात आहे, कुलपात आहे, सातबाऱ्यात आहे.

जवळ आणलं तर काय होतं, ते गडचिरोलीने दाखवलं. तिथं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. आई तीच, गाव तेच, रूढी त्याच. तरी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे जगासमोर छापून आलं. मग दोष रूढीचा होता की आपल्याला लांब ठेवणाऱ्यांचा?

आता साहेब म्हणतील, "जागा जंगल खात्याची आहे, दवाखाना बांधता येत नाही." साफ खोटं! वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. सरकारी दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी यांसाठी वनजमीन देता येते. अटी तीन : प्रत्येक कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. यासाठी फाइल दिल्लीला जायची गरज नाही, निर्णय जिल्ह्यातच होतो. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हातात आहे!

म्हणून ठरवा. पुढच्या ग्रामसभेत निम्म्याहून जास्त माणसं बसवा, बायांना पुढं बसवा. जागा दाखवून ठराव घ्या, सह्या-अंगठे घ्या. एक प्रत वनखात्याला, एक जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला द्या, आणि दोन्हींची पोच घेतल्याशिवाय उठू नका. उपकेंद्राला कुलूप दिसलं की तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी "उशिरा आले" म्हणालं, की ती वही पुढं करा.

पट्ट्याची लढाई आणि दवाखान्याची लढाई वेगळी नाही. जमीन आपली, जंगल आपलं, जीवही आपलाच!