आधी पुरावा, मग ब्लॉक

मावळातल्या कामशेत-वडगावच्या मुली लोकलने कॉलेजला जातात. मोबाइल सोबत असतो. तो वापरतानाची खबरदारी फारसे कुणी शिकवत नाही. फोटोवरून धमकी आली की घरचे आधी मुलीचाच फोन काढून घेतात, आणि धमकावणारा निर्धास्त होतो. पैसे देऊ नयेत, मजकूर पुसू नये. स्क्रीनशॉट, लिंक जपून मगच ब्लॉक करावे. मग तक्रार द्यावी. पोलिसांच्या हद्दी वेगळ्या आहेत: तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये; पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्दीचे कारण सांगून पोलिसांना दखलपात्र गुन्ह्याची तक्रार टाळता येत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मावळातल्या शाळा-कॉलेजांनी हे वर्गात शिकवावे. पालकांनी मुलीच्या पाठीशी उभे राहावे.